गिल्बर्ट मरी: यमकांचा दोष, पण अज्ञानाचा नव्हे

कवी-समीक्षक टी. एस. एलियटच्या १९२० सालच्या टीकेनंतर ग्रीकचे अभ्यासक गिल्बर्ट मरी यांची प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या नाटकांची इंग्रजी भाषांतरे वाचण्यात अर्थ उरलेला नाही, कारण ती यमकांनी बिघडली आहेत आणि मरी यांचे ग्रीकही कच्चे असावे, असा एक दावा केला जातो. यमकांबद्दलची तक्रार मला मान्य आहे. मूळ ग्रीक संवाद निर्यमक असतात, आणि ते यमकबद्ध जोडओळींत बसवताना मरी मुळात नसलेली विशेषणे व प्रतिमा भरतात, त्यामुळे 'मिडिया' नाटकाच्या नायिकेचा धारदार संताप पुष्कळदा शब्दांच्या फुलोऱ्यात हरवतो. मात्र मरी यांचे ग्रीकच कच्चे असावे, हा त्यापुढचा तर्क टिकणारा नाही. कारण ज्या वर्षांत ही भाषांतरे होत होती, त्याच वर्षांत ते ऑक्सफर्डसाठी युरिपिडीजच्या मूळ संहितेची तीन खंडांची आवृत्ती संपादित करत होते, आणि १९०८ मध्ये तेथेच ग्रीकचे प्राध्यापक झाले.

दुसरे असे की ही भाषांतरे प्रत्यक्ष रंगभूमीवर उभी राहिली. दिग्दर्शक ग्रॅनव्हिल बार्कर यांनी १९०४ ते १९०६ या काळात लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये 'हिपॉलिटस', 'ट्रोजन विमेन' आणि 'इलेक्ट्रा' ही युरिपिडीजची नाटके मरी यांच्याच शब्दांत सादर केली. (त्याच रंगमंचावर १९०५ मध्ये आलेल्या बर्नार्ड शॉच्या 'मेजर बार्बरा' या नाटकामधला ग्रीकचा प्राध्यापक मरी यांच्यावरूनच बेतलेला आहे.) एलियटचा तो टीकालेखसुद्धा अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांच्या 'मिडिया'च्या प्रयोगापासूनच सुरू होतो.