बायपॉड: ६-९ की ९-१३ इंच? (मदत हवी आहे)

चटणीभाकर
रायफलला बायपॉड (पुढे खाली लावायचे दोन पाय) घ्यायचाय. हॅरिस कंपनीचाच घेणार, ते ठरलंय. ६ ते ९ इंचाचा घेऊ की ९ ते १३ चा? दुकानदार म्हणतो मोठा घ्या, सगळीकडे चालेल. शनिवारी रेंजवर जायचंय, आज ऑर्डर टाकली तरच हातात पडेल. कृपया "गूगल करा" म्हणू नका, तेच करून डोकं उठलंय.

माळरान
झोपून मारणार की बेंचवरून? मॅगझिन (गोळ्यांची पेटी) खाली किती लोंबतं? बायपॉड अडकवायला पुढे स्टड (स्क्रूचा खुंटा) आहे, की पिकाटिनी किंवा आर्का रेल? एवढं कळल्याशिवाय इंच कसे सांगणार?

चटणीभाकर
साधी बोल्ट अ‍ॅक्शन आहे हो. प्रश्न फक्त उंचीचा आहे.

खडूसकाका
६-९. विषय संपला. ९-१३ पूर्ण मिटवला तरी ९ इंच राहतो. पुढचं टोक एवढं वर गेलं की बटही (खांद्याला टेकणारं मागचं टोक) तेवढंच वर न्यावं लागतं. मागची छोटी बॅग पुरत नाही, मग तिच्याखाली घडी केलेलं जॅकेट कोंबायचं, आणि ते प्रत्येक गोळीला दबतं. शिवाय पाय लांब तितके लवचिक, धक्क्याला रायफल उडी मारते आणि गोळी कुठे लागली ते स्कोपमधून दिसत नाही. दुकानदाराचं "सगळीकडे" म्हणजे गवतातली शिकार. आणि बसून मारायचं तर ९-१३ ही पुरत नाही, १३.५ च्या पुढचा लागतो.

घेताना हॅरिसचं एस-बीआरएम मॉडेल बघा. एस म्हणजे वरचा भाग डावी-उजवीकडे कलतो, एम म्हणजे पायांना खाचा.

रात्रपाळी
अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर आधी कायदा बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. तिथलं वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. बायपॉड नंतर.

चटणीभाकर
ग्रीन कार्ड आहे. टेक्सासात राहतो. हे मी विचारलंच नव्हतं.
माळरान, घ्या: काडतूस ६.५ क्रीडमूर, कारखान्याचाच प्लास्टिक स्टॉक (रायफलचा दस्ता), पुढे एक स्टड, मॅगझिन १० गोळ्यांचं. झोपून ६००-१००० यार्ड, कधीमधी बेंच.

माळरान
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आता मोजा. मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) रिकामं आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा. मग रिकामं मॅगझिन परत लावा. चटईवर झोपा, फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली) पुस्तकं रचा, बटखाली तुमचीच बॅग ठेवा. डोळे मिटून गाल स्टॉकवर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं आणि मान ताणलेली नसली, तर चटईपासून स्टडपर्यंतचं अंतर ही तुमची उंची. बायपॉडच्या मापात ही उंची मधोमध यायला हवी, वर-खाली किमान एकेक इंच शिल्लक. निशाण चढावर असेल तर पुढचं टोक वर न्यावं लागतं, उतारावर असेल तर खाली.

आणि काका, ९-१३ सरसकट बाद नाही. १० चं मॅगझिन उतरत्या जमिनीवर टेकतं, आणि जाड छातीच्या माणसाला ६ इंचावर झोपताच येत नाही.

खडूसकाका
अशा माणसालाही ९ पुरतो. झोपून १३ इंच कोणाला लागतात?

तिरकस
दोघंही हॅरिसमध्ये अडकलात. अ‍ॅटलस बीटी१० घ्या, ४.७५ ते ९ इंच. पाय ४५ अंशात पुढे किंवा मागे लावता येतात. हॅरिसचा पाय एकतर मिटलेला, नाहीतर उघडा, मधलं काही नाही. मॅगपुलचा ६.३ ते १०.३ इंच आहे, कलतो आणि वळतोही, आणि खिशालाही परवडतो.

माळरान
४५ अंशात पायाची उंची जवळपास ७०% वर येते, ते धरून मोजा. आणि त्यांच्याकडे स्टड आहे. अ‍ॅटलसला रेल लागेल. अ‍ॅडॅप्टर लावला की उंचीत साधारण अर्धा इंच वाढ, वर सैल व्हायला आणखी एक स्क्रू.

शेंडेफळ
बायपॉड लागतोच कशाला? कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, बायपॉड नव्हता. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) वापरायला शिका.

खडूसकाका
त्या खेळात बायपॉड चालतच नाही, लावणार कुठून? आणि ते अंतर ५० मीटर. उलट एफ-टीआरमध्ये (लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा एक प्रकार) बायपॉड चालतो, पण काडतूस .२२३ किंवा .३०८ च, आणि स्कोप-बायपॉडसकट वजन ८.२५ किलोच्या आत. तिथले बायपॉड रुंद, स्कीसारख्या पायांचे. अवांतर पुरे.

कलण्याचा मुद्दा मात्र सोडू नका. ६.५ क्रीडमूरला १००० यार्डांवर स्कोपवर ८-९ मिल (कोनाचं माप) चढवावे लागतात. रायफल १ अंश कलली तर त्यातले ०.१५ मिल बाजूला जातात, म्हणजे ५ इंचांच्या आसपास. म्हणून एस, आणि स्कोपवर बबल (पातळी दाखवणारी पाणसळ). एस मॉडेलखालच्या गोल नटाऐवजी पॉड-लॉकची दांडी लावा, झोपल्या जागेवरून आवळता येते. नाहीतर सैल ठेवलं की डोलतं, घट्ट आवळलं की बबल मध्यावर आणायला परत सैल करायला उठा.

चटणीभाकर
मोजलं. चटईपासून स्टड ७.२५ इंच. मॅगझिन जमिनीपासून दीड इंच वर.

माळरान
मग ६-९. तुमचं माप जवळजवळ मधोमध बसतं, उताराला सव्वा इंच खाली, चढाला पावणेदोन वर. ९-१३ घेतला असता तर तो पूर्ण मिटवूनही पावणेदोन इंच जास्त.

आता प्लास्टिक स्टॉक. नोटेची पट्टी नळी आणि फोरएंडच्या मधून सरकवा. मोकळी फिरली की बायपॉड लावून खांद्याने पुढे दाब द्या आणि परत सरकवा. अडकली तर फोरएंड वाकून नळीला टेकतोय. मग दाब बदलेल तसा गोळीचा मारा सरकेल, आणि तुम्ही स्कोपला शिव्या घालाल.

तिरकस
स्टड आतून नटावर आहे की नुसता प्लास्टिकमध्ये पिळलाय, तेही बघा. नुसता पिळलेला दाब दिल्यावर हळूहळू उपटतो.

चटणीभाकर
एस-बीआरएम ऑर्डर केला. स्टडला आतून नट आहे. बायपॉड अजून नाही, म्हणून पुस्तकांवर ठेवून फोरएंड हाताने वर दाबला. पट्टी उजवीकडे अडकते. शनिवारी काय करू?

माळरान
शनिवारी दाब देऊ नका. पाय नुसते टेकवा, रायफलचं वजन तेवढंच. काँक्रीटवर रबराचे पाय सरकतात, तिथे खाली चटई घ्या. प्रत्येक गोळीला सारखंच धरा आणि १०० यार्डांवर गट (गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका) बघा. गट एकच पण जागा बदललेली असेल, तर स्टॉकचा दोष. त्यानंतर फोरएंडच्या आत उजवीकडे सँडपेपर मारून जागा करा, दाब देऊनही पट्टी फिरेल इतकी.

खडूसकाका
सँडपेपरने वाकणं थांबत नाही, फक्त टेकणं पुढे ढकललं जातं. चॅसिस (धातूचा न वाकणारा स्टॉक) घ्या.

चटणीभाकर
काका, बायपॉड विचारला होता.