हवेतील बीजाणू मोजून द्राक्षावरील भुरी आणि डाऊनीची फवारणी ठरवता येईल का?

प्रश्न – बागायतदार, नारायणगाव

नमस्कार. नारायणगावजवळ माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. मी कोथरूडला राहतो आणि आठवड्यातून दोनदा बागेत जातो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर (घड येण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर) पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळे फुटू लागल्यापासून, मणी सेट होईपर्यंत डाऊनीच्या (केवडा, डाऊनी मिल्ड्यू) आणि पुढे भुरीच्या (पावडरी मिल्ड्यू) धास्तीने फवारण्या चालू राहतात. त्यांतील काही अनाठायी असाव्यात अशी मला शंका आहे, शिवाय निर्यातीच्या मालात औषधांच्या अंशाचीही काळजी असते. माझी मुलगी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिचे म्हणणे असे की व्हॅसलीन लावलेली काचपट्टी बागेत टांगावी, रोज बदलावी, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू (रोग पसरवणारे सूक्ष्म कण) मोजावेत आणि संख्या वाढेल तेव्हाच फवारावे. हे शास्त्राला धरून आहे का? असल्यास काचपट्टी कोठे व कशी लावावी?

उत्तर १ – वनस्पती रोगशास्त्राचा निवृत्त शिक्षक

आपल्या मुलीची कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३३ मध्ये उत्तर अटलांटिकवरून केलेल्या विमानप्रवासात चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्याच हवेत धरल्या होत्या आणि त्यांवर चिकटलेले बीजाणू वनस्पती रोगतज्ज्ञ फ्रेड मायर यांनी तपासले होते. अडचण अशी की नुसत्या टांगलेल्या काचपट्टीवरून किती हवा गेली हे कळत नाही. वारा वाढला की संख्या वाढते, मोठे बीजाणू प्रमाणाबाहेर दिसतात आणि पावसाची सर आली की लेपावरचे बरेच काही धुऊन जाते. ही उणीव हर्स्ट या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील रॉदमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १९५२ मध्ये दूर केली. त्यांचा बीजाणू पकडणारा सापळा पंपाने मिनिटाला १० लिटर, म्हणजे दिवसाला १४.४ घनमीटर हवा ओढतो आणि आतला चिकट पृष्ठभाग तासाला २ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे कोणत्या तासाला किती बीजाणू आले हेही वाचता येते.

तासाचा हिशेब महत्त्वाचा अशासाठी की आपले दोन्ही रोग निरनिराळ्या वेळी हवेत उतरतात. भुरीचे बीजाणू कोरडे असतात, ते दिवसा ऊन आणि वारा वाढल्यावर सुटतात आणि त्यांना रुजण्यासाठी पानावर पाणी लागत नाही. उलट साचलेल्या पाण्यात ते फुटतात. डाऊनीचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूला, रात्रीच्या अंधारात आणि हवा जवळजवळ संपृक्त असतानाच तयार होतात, सकाळी हवा सुकू लागली की सुटतात आणि पान ओले असेल तरच पर्णरंध्रांतून आत शिरतात. पान कोरडे असेल तर काचपट्टीवर डाऊनीचे शंभर बीजाणू दिसले तरी त्या दिवशी लागण होणार नाही, आणि रात्रभर दव असेल तर थोडेसेही पुरतात. (काटेकोरपणे पाहता डाऊनीचा कारक जीव खरी बुरशीही नव्हे, पण तो वाद येथे नको.)

माझी खरी हरकत मात्र निराळी आहे. हवेवरचे लक्ष सर्वांत उपयोगी ठरते ते रोग बाहेरून येतो तेथे. गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू मैदानी उन्हाळ्यात तग धरत नाहीत, ते डोंगराळ भागातून दर वर्षी नव्याने वाऱ्यावर येतात, हे भारतीय वनस्पती रोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे, तेही उगाच नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये द्राक्षाच्या भुरीसाठी सापळे वापरून पहिली फवारणी लांबवता आली, कारण तेथे वेल हिवाळ्यात पूर्ण सुप्त असतो आणि हंगामाची सुरुवात जवळजवळ कोऱ्या हवेने होते. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीपासून (नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या छाटणीपासून) वेल हिरवाच असतो, आजूबाजूच्या बागा मागेपुढे छाटलेल्या असतात आणि बीजाणूंचा साठा कायम हाताशी राहतो. काचपट्टीवर संख्या चढेल तोवर ते बीजाणू बहुधा आपल्याच मांडवातले असतील, म्हणजे लागण होऊन गेलेली असेल.

उत्तर २ – प्रयोगशाळेत काम करणारी

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त ओळख पटवण्याबद्दल सांगते. भुरीचा बीजाणू पिंपासारखा, सुमारे ३० ते ४० मायक्रॉन लांब आणि रंगहीन असतो, पण बोर, वाटाणा आणि काकडीवर्गीय पिकांवरील भुरीचे बीजाणूही काचपट्टीवर जवळजवळ तसेच दिसतात. डाऊनीचा लिंबाच्या आकाराचा बीजाणू सुकून सुरकुतला की अनुभवी माणूसही गोंधळतो. त्या मानाने अल्टरनेरिया या बुरशीचा गडद, आडव्याउभ्या पडद्यांचा बीजाणू नवशिक्यालाही ओळखू येतो, म्हणून कांद्याच्या जांभळ्या करप्यासाठी हा मार्ग सोपा आहे. औरंगाबादला प्रा. एस. टी. टिळक यांनी बनवलेला सापळा त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि अशा पिकांवर त्याचा वापर झालेला आहे. द्राक्षाच्या बाबतीत खात्री हवी असेल तर डीएनए चाचणीच करावी लागेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. म्हणजे फवारणी थांबवण्यासाठी काचपट्टीवर विसंबू नये, एवढे कळले. मग मुलीने हा प्रयोग सोडूनच द्यावा का?

उत्तर १ – वनस्पती रोगशास्त्राचा निवृत्त शिक्षक

सोडू नये, त्याचा उद्देश बदलावा. काचपट्टी घडांच्या उंचीला, मांडवाच्या आत, वर छोटे छप्पर करून लावावी; एक बागेच्या मध्ये आणि दुसरी वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ठेवल्यास बीजाणू घरचे की बाहेरचे याचा अंदाज येईल. सोबत पान किती तास ओले राहिले, आर्द्रता आणि तापमान यांची रोज नोंद ठेवावी. फवारणीचा निर्णय या नोंदी, पावसाचा अंदाज आणि वेलीची अवस्था पाहून घ्यावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही त्यासाठी पाहावा. दोन हंगामांच्या नोंदी झाल्यावर संख्या आणि रोग यांचा आपल्या बागेत काही मेळ बसतो का, हे मुलीलाच सांगता येईल.

उत्तर २ – प्रयोगशाळेत काम करणारी

आणखी एक सुचवते. ओरेगॉनमध्येच असे दिसले की बागेत काम करणाऱ्यांचे हातमोजे पुसून घेतलेल्या नमुन्यांतही भुरीचा डीएनए सापडतो आणि ठरावीक औषधाला ती दाद देते की नाही हेही त्यातून तपासता येते. आपल्याकडे विरळणी (घडांतील जादा मणी काढणे) करणाऱ्या बायकांचे हात ओळीतल्या प्रत्येक वेलीला लागतात. त्यांच्या हातमोज्यांवरून कापसाचा बोळा फिरवून घेणे हे पंप विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. असे नमुने जवळची कोणती प्रयोगशाळा तपासून देईल, हे मात्र आधी विचारून ठेवा.