जीभ घसरली की सोडली?

गोकुळपेठवाली:
पुढाऱ्यांच्या ‘गॅफ’वरचा, म्हणजे बोलण्यातल्या चुकांवरचा, एक लेख मराठीत करतेय. ‘जीभ घसरणे’ लिहून मोकळी झाले, तर संपादकांनी खोडलं. म्हणे, वाचकाला वाटेल शिवी दिली. आमच्या घरी तर जीभ घसरणे म्हणजे बोलायचं एक आणि निघालं भलतंच. २०१८ मध्ये कर्नाटकात अमित शहा सिद्धरामय्यांचं सरकार झोडपता झोडपता आपल्याच पक्षाच्या येडियुरप्पांच्या सरकारला सर्वांत भ्रष्ट म्हणून गेले, शेजारी खुद्द येडियुरप्पा बसलेले, तशी. दुसरा शब्द आहे का?

इतवारीचा:
संपादक बरोबर बोलून राहिले ताई. डिसेंबरात आपल्या नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन आलं की टीव्हीच्या खालच्या पट्ट्या वाचा. कोणी कोणाच्या मायबापावर गेला तरी ‘अमुक नेत्याची जीभ घसरली’. घसरली काहून? ठरवून सोडली नं! तुम्ही ‘मुक्ताफळं’ लिहा.

महालचे काका:
‘मुक्ताफळे’ नको, त्यात टोमणा आधीच बसलेला आहे. पुष्कळांना वाटतं, मुक्तपणे उधळतात म्हणून मुक्ताफळ. तसं नाही. मुक्ताफळ म्हणजे मोती. तोंडातून मोती सांडले, असा तो उपरोध. लेखात नसलेली खिल्ली अनुवादकानं पदरची घालू नये. सरळ ‘वाक्स्खलन’ लिहावं.

इतवारीचा:
काका, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ‘वाक्स्खलन’ म्हटलं तर लोक वैद्याचा पत्ता देतील.

सदाशिवकर (पुणे):
शब्द कुठलाही घ्या, खिल्ली उडणारच आणि उडावीच. भाषेचा अभ्यास नाही, माइक मात्र हवा. तुमच्याच विधानभवनात कोणी ‘मी उत्तर देऊन राहिलो’ म्हणतं, तेव्हा हसू नये तर काय करावं?

गोकुळपेठवाली:
हसा की. पण ‘देऊन राहिलो’ ही चूक कशी? काम चालू आहे हे सांगायची ती आमची रीत. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदीबरोबर आम्ही एका घरात नांदलोय. असं बोलणारा मंत्री घोळ घालतोय की खरं उत्तर देतोय, ते ऐका आधी.

धरमपेठच्या बाई:
मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा दोन शब्द बोलतेच. हसायची जागा चुकतेय. २००८ साली मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आर. आर. आबा हिंदीत बोलून बसले, की मोठ्या शहरात असं एखाददुसरं होतंच. गृहखातं गेलं. हिंदीनं घात केला असं म्हणणारे अजून भेटतात मला. तेच वाक्य मराठीत करून बघा, तितकंच झोंबतं. आणि २०१३ मध्ये इंदापूरच्या सभेत अजितदादा धरणाबद्दल जे बोलले ते तर अस्सल मराठी, एक शब्द इकडचा तिकडे नाही! मग माफी, मग कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेश. त्याला ‘घसरली’ म्हणणं म्हणजे सारा दोष बिचाऱ्या जिभेवर ढकलणं. विभक्ती चुकली, लिंग चुकलं, त्याला मी वर्गातही हसू देत नाही. दुष्काळात पाणी मागणाऱ्याची थट्टा केली, त्याला मात्र हसा, पोटभर हसा.

सदाशिवकर (पुणे):
बरं, मग काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी? २०२२, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंना ‘राष्ट्रपत्नी’ म्हणून गेले. बंगाली माणूस, हिंदी कच्ची म्हणाले, राष्ट्रपतींना माफीचं पत्रही पाठवलं. इथे तर लिंगच चुकलं ना?

धरमपेठच्या बाई:
अहो, बंगालीतही राष्ट्रपतीच म्हणतात! त्यातला ‘पती’ म्हणजे स्वामी, नवरा नव्हे. मग बायको आली कुठून? ही कच्ची हिंदी मला पटत नाही.

महालचे काका:
थांबा बाई. पत्नी म्हणजे निव्वळ बायको, हे आजचं. ऋग्वेदात नववधूला ‘गृहपत्नी’ हो म्हणून आशीर्वाद आहे, म्हणजे घराची स्वामिनी. व्याकरणानं तो शब्द अगदीच अडत नाही.

इतवारीचा:
म्हणजे ते माफीचं पत्र वापस मागवायचं का काका?

महालचे काका:
मागवू नका. शब्द बसतो म्हणजे बोलणं शोभतं असं नव्हे. मात्र वाहिन्यांनी ऊठसूट ‘बरळले’ लिहिणं बंद करावं. बरळतो तो झोपेतला, नाहीतर तापातला माणूस.

इतवारीचा:
जेवणाच्या सुट्टीनंतर सभागृहाच्या गॅलरीत येऊन बसा एकदा. शब्द बरोबर बसते.