वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड वापरता येईल का?

प्रश्न: वादळात मोठं झाड मुळासकट आडवं झालंय, खोड चांगलं जाडजूड आहे, नुसतं जाळून टाकायला जीव होत नाही. फळ्या निघतील का?

उत्तर: आधी विजेची वायर अडकलीय का बघा, असेल तर जवळ जाऊच नका. वाकलेल्या फांदीत प्रचंड ताण असतो, कापताना उसळून अंगावर येते, आणि खोड तोडलं की मुळांचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो, तिथे पोरांना अजिबात फिरकू देऊ नका प्लीज.

दुसरं उत्तर: फळ्या नक्की निघतील. ओंडक्याच्या टोकांना लगेच जाड रंग किंवा मेण लावा नाहीतर चिरा पडतात, मग फळ्या कापून सावलीत, दोन फळ्यांच्या मध्ये लाकडी पट्ट्या ठेवून रचा, वाळायला 1 इंच जाडीला साधारण 1 वर्ष धरा.

प्रश्नकर्ता: गड्ड्याचं माहीतच नव्हतं, खूप थँक्स!