ब्रोड्यूर मोठा, की त्याच्यापुढची भिंत?

निळीरेषा: मार्टिन ब्रोड्यूरचे 691 विजय आणि 125 शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने), आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमध्ये दोन्हीत तो अव्वल. तेवढ्यावर त्याला सर्वश्रेष्ठ गोलकीपर म्हणणं मला पटत नाही. 1996-97 चा मोसम घ्या. न्यू जर्सीच्या ब्रोड्यूरने 92.7 टक्के शॉट अडवले, बफेलोच्या डॉमिनिक हाशेकने 93. जवळपास बरोबरी. पण 60 मिनिटांमागे ब्रोड्यूरवर गोल झाले 1.88 आणि हाशेकवर 2.27. का? 1.88 ला 0.073 ने, म्हणजे न अडलेल्या शॉटच्या प्रमाणाने भागा, साधारण 26 शॉट येतात. 2.27 ला 0.070 ने भागा, 32 येतात. हाशेकला दर सामन्यात सहा शॉट जास्त झेलावे लागले. ब्रोड्यूरपुढे स्कॉट स्टीव्हन्स, नीडरमायर, डॅनेको हे बचावपटू होते आणि मधल्या पट्ट्यातच वाट अडवणारा ‘ट्रॅप’ होता. विजय आणि गोलांची सरासरी संघाची. गोलकीपरची म्हणावी अशी फक्त सेव्हची, म्हणजे अडवलेल्या शॉटची टक्केवारी.

उलटाहात: भागाकार बरोबर, पण ते सहा शॉट सगळे बचावफळीनेच वाचवले हे कशावरून? समोरचा संघ पक (खेळातली चपटी रबरी चकती) लांबून बोर्डाच्या, म्हणजे मैदानाभोवतीच्या फळीच्या, कडेने आत सोडतो आणि त्यामागे धावतो. पक जाळीमागून वळत असतो. ब्रोड्यूर तिथे आधीच जाऊन काठीने तो थांबवायचा आणि मान वर करून मोकळ्या सहकाऱ्याकडे सरळ पास द्यायचा. हल्ला उभा राहायच्या आत संपला. शॉट झालाच नाही, म्हणून टक्केवारीत त्याचं श्रेय शून्य! 2005 मध्ये लीगने जाळीमागे ट्रॅपेझॉइड (समलंब चौकोन) आखून कोपऱ्यांत गोलकीपरला पक खेळायची बंदी केली, त्याला लोक ब्रोड्यूरचा नियम म्हणतात ते उगाच नाही. रिबाउंडचंही, म्हणजे अडून परत उसळलेल्या पकचंही तसंच. पक छातीशी दाबला तर शॉट एकच, पॅडवरून पुढे सुटला की दुसरा आलाच.

आणि भिंत गेल्यावर काय झालं? स्टीव्हन्स जानेवारी 2004 नंतर खेळला नाही, नीडरमायर 2005 मध्ये अ‍ॅनाहाइमला गेला. तरी 2006-07 मध्ये ब्रोड्यूरचे 78 सामने, 48 विजय, 92.2 टक्के.

निळीरेषा: त्या 48 मध्ये शूटआउटचे, म्हणजे बरोबरी सोडवायला एकेकट्याने मारलेल्या शॉटवर मिळालेले विजय धरलेत. आधीचा विक्रम असलेल्या गोलकीपर बर्नी पॅरेंटने 1973-74 मध्ये 47 जिंकले तेव्हा साधा ओव्हरटाइमही नव्हता, बरोबरी म्हणजे बरोबरी. खरी कसोटी 2008-09 ची. दंडाच्या स्नायूचा कंडरा तुटल्याने ब्रोड्यूर काही महिने बाहेर होता. राखीव स्कॉट क्लेमेन्सनने 40 सामन्यांत 25 जिंकले, टक्केवारी 91.7. त्याच मोसमात ब्रोड्यूरची 31 सामन्यांत 91.6. संघ तोच, पद्धत तीच.

मोजपट्टी: 40 सामने म्हणजे 1100 च्या आसपास शॉट. एवढ्यात निव्वळ नशिबानेही टक्केवारी पाऊण-एक टक्का इकडेतिकडे होते. ब्रोड्यूर तेव्हा 36 चा आणि दुखापतीतून उठलेला. त्यावर उभी कारकीर्द तोलू नका.

उलटाहात, तुमच्यासाठी 1998-99. हाशेक 93.7 टक्के, ब्रोड्यूर 90.6. विजय मात्र ब्रोड्यूरचे 39, हाशेकचे 30. 1800 शॉटवर 3.1 टक्के म्हणजे जवळपास 56 गोल. पक कितीही सफाईने खेळला तरी 56 गोलांची भरपाई होईल असं मला वाटत नाही.

उलटाहात: 1998-99 मान्य, त्या वर्षी हाशेकला तोड नव्हती. पण 1996-97 च्या त्या 32 शॉटमध्ये लांबून मारलेले सोपे किती होते? सोपे शॉट वाढले की टक्केवारीही चढते. ट्रॅप खेळणाऱ्या संघाच्या गोलकीपरवर शॉट कमी येतात, पण त्यातले बरेच ट्रॅप फोडून आलेल्या एकट्या फॉरवर्डचे. तेव्हाच्या शॉटची जागा नोंदलेली नाही, म्हणून हा प्रश्न टक्केवारीवर सुटत नाही. शिवाय शॉट मोजणारा माणूस प्रत्येक रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) वेगळा, कोणी सैल मोजतो, कोणी कडक. घरचे सामने बाजूला ठेवून दोघांचे फक्त बाहेरचे सामने मांडा, मग अंतर किती उरतं ते बोलू.