मदत हवी आहे: लिनक्सवरचं इस्की ते युनिकोड कमांडलाइन टूल विंडोजवर चालवताना मजकूर अर्धाच येतोय

नमस्कार मंडळी,

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाकडे नव्वदच्या दशकात डॉसवर, जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिपी आणणारं हार्डवेअर) लावून टाइप केलेल्या फायलींचा मोठा साठा आहे. पुस्तकांची सूची, दिवाळी अंकांची अनुक्रमणिका, स्थानिक लेखकांच्या माहितीची टिपणं. सगळं इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिपींतल्या अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकात. हे सगळं युनिकोडमध्ये आणण्यासाठी मी सी भाषेत एक छोटं टूल लिहिलं. जेमतेम ११०० ओळी. डेबियनवर दोन वर्षं विनातक्रार चालतंय. युनिक्सच्या पद्धतीचं आहे: फायलीचं नाव द्या किंवा पाइपमधून मजकूर ओता, पलीकडून यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) बाहेर येतं. जागच्या जागी फाइल बदलायची सोय आहे, पूर्ण फोल्डर खालपर्यंत फिरायची सोय आहे.

अडचण अशी की या फायली जिथे आहेत आणि ज्यांना त्या लागतात, तिथे लिनक्स नाही. ग्रंथालयात तीन संगणक आहेत. दोन विंडोज १० चे, एक विंडोज ७ चा. काही बसवायचा ॲडमिन अधिकार तिथल्या ताईंकडे नाही. त्या दर आठवड्याला मला पेनड्राइव्ह पाठवतात, मी फायली बदलून परत पाठवतो. हे किती दिवस चालणार? त्यांच्या हातात एकच इएक्सई फाइल द्यावी, पेनड्राइव्हवरून चालावी, एवढीच इच्छा आहे.

म्हणून डेबियनवरूनच मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ (विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर संच) वापरून विंडोजसाठी बिल्ड करायला घेतलं. गेटऑप्ट (आज्ञेतले पर्याय वाचणारं फंक्शन) आणि फोल्डर वाचायची हेडरं त्यात होती, त्यामुळे वाटलं होतं त्यापेक्षा लवकर पुढे सरकलो. रेजेक्सचं, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायचं, हेडर नव्हतं. ते मी शीर्षकाच्या ओळी ओळखायला वापरलं होतं, तिथे हाताने तुलना लिहिली. मोठे गठ्ठे समांतर चालवायला एका ठिकाणी फोर्क (चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू करणारं फंक्शन) होता. विंडोजवर फोर्क नाहीच. तो सरळ काढून टाकला, फायली एकामागून एक होऊ देत. बिल्ड झालं. पहिल्यांदा चालवल्यावर एक डीएलएल सापडत नाही म्हणून अडलं, ते स्टॅटिक लिंकिंगने सुटलं.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

सगळ्यात गंभीर गोष्ट: बऱ्याच फायलींचा मजकूर अर्ध्यावरच तुटतो. ४० केबीच्या एका फायलीतले पहिले ११ केबी नीट बदलले जातात आणि टूल शांतपणे, कुठलीही चूक न दाखवता संपतं. फाइल तीच असेल तर तुटण्याची जागाही तीच. लिनक्सवर तीच फाइल पूर्ण बदलते. मला याची भीती वाटते, कारण ताईंना कळणारही नाही की मागचा भाग गेला. जागच्या जागी बदलायचा पर्याय वापरला असता तर मूळ मजकूर कायमचा हरवला असता.

दुसरं, फायलीचं नाव देवनागरीत असलं तर ती उघडतच नाही. ताईंनी बऱ्याच फायलींना ‘दिवाळी-१९९४’ अशी नावं दिली आहेत. चुकीच्या संदेशात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

तिसरं, जागच्या जागी बदलताना मी तात्पुरती फाइल लिहितो आणि शेवटी रीनेमने मूळ नावावर आणतो. विंडोजवर हे ‘फाइल आधीच आहे’ म्हणून नाकारलं जातं. आणि शेवटच्या अहवालात ‘इतक्या ओळी बदलल्या’ यातल्या आकड्याऐवजी ‘झेडयू’ ही दोन अक्षरं उमटतात.

शिवाय एक विचित्र गोष्ट आहे, ती नक्की काय आहे हे मला धड सांगताही येत नाही. काही शब्द मध्येच तुटून दोन होतात. सगळे नाही, नेहमी नाही.

कृपया ‘लिनक्स बसवा’ असं सुचवू नका. ते माझ्या हातात नाही.

प्रतिसाद १

सिग्विन किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायच्या सोयी) पाहिलंत का? सिग्विनमध्ये फोर्कसुद्धा चालतो, रीनेमही युनिक्ससारखा वागतो. कोड जवळपास न बदलता बिल्ड होईल.

धागाकर्ता

पाहिलं. डब्ल्यूएसएल विंडोज ७ वर नाही आणि ॲडमिन अधिकाराशिवाय चालू करता येत नाही. सिग्विनची डीएलएल सोबत नेता येईल, पण सिग्विनने ३.५ पासून विंडोज ७ चा आधार काढला आहे. जुनी आवृत्ती धरून बसण्यापेक्षा कोड नीट करावा असं वाटतं.

प्रतिसाद २

बरोबर निर्णय. आता सगळं बाजूला ठेवा आणि पहिला प्रश्न घ्या. जिथे मजकूर तुटतो तिथला बाइट कोणता आहे? लिनक्सवर हेक्स डंप (फायलीतल्या बाइटांची आकड्यांत यादी) काढा, ११ केबीच्या आसपास बघा. माझा अंदाज आहे की तिथे २६ असेल, सोळाअंकीत १ए.

धागाकर्ता

काढला. अगदी तसंच आहे! एकदा नाही, सलग १७ वेळा २६ आहे, आणि लगेच पुढे नवीन मजकूर सुरू होतो. हे तुम्ही कसं ओळखलंत?

प्रतिसाद २

तो कंट्रोल-झेड आहे. सीपी/एम या जुन्या प्रणालीत फायलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच नोंदली जायची. मग शेवटच्या तुकड्यात खरा मजकूर कुठे संपला हे कळावं म्हणून कंट्रोल-झेड टाकत. काही संपादक उरलेली सगळी जागा त्यानेच भरत. तुमचे १७ तिथूनच आलेत. मोजून बघा, त्यांच्या शेवटाची जागा १२८ च्या पटीत येईल. डॉसने ही रीत उचलली आणि विंडोजच्या सी लायब्ररीत ती आजही जिवंत आहे: फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की कंट्रोल-झेड भेटताच ‘फाइल संपली’ असं मानलं जातं. लिनक्सला टेक्स्ट आणि बायनरी हा फरकच माहीत नाही, म्हणून तिथे दोन वर्षं तुम्हाला काही दिसलं नाही.

तुमच्या फायली मधूनच तुटतात त्या अर्थी कोणीतरी दोन-तीन फ्लॉपींवरचे भाग नंतर एकत्र जोडलेले आहेत. डॉसच्या कॉपी आज्ञेने साध्या पद्धतीने जोडले असते तर मधले कंट्रोल-झेड गळून पडले असते. बायनरी पद्धतीने किंवा लिनक्सच्या कॅट या आज्ञेने जोडले की ते आत राहतात.

उपाय: फाइल उघडणाऱ्या एफओपनला बायनरीचा ‘बी’ द्या. पाइपमधून येणाऱ्या इनपुटला ते पुरत नाही, तिथे सुरुवातीलाच सेटमोड हे फंक्शन बोलावून बायनरी करा.

धागाकर्ता

जोडणारा मीच होतो. तीन वर्षांपूर्वी फ्लॉपी वाचून घेतल्या तेव्हा कॅटने जोडल्या होत्या. आणि हो, १७ वा कंट्रोल-झेड बरोबर १२८ च्या पटीवर संपतो.

इनपुट बायनरी केलं. पूर्ण मजकूर आला! पण आता प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसते आहे.

प्रतिसाद २

आउटपुट अजून टेक्स्ट मोडमध्ये आहे. मूळ फायलीत ओळ संपल्याची खूण म्हणून शेवटी दोन बाइट आहेत, १३ आणि १०. आधी आत येताना १३ गाळला जायचा आणि बाहेर जाताना परत लावला जायचा. आता आत गाळला जात नाही, पण बाहेर जाताना प्रत्येक १० च्या आधी आणखी एक १३ लागतो. आउटपुटही बायनरी करा.

मात्र सगळ्या ओळी नुसत्या १० वर आणायचा मोह टाळा. विंडोजच्या नोटपॅडला नुसता १० समजायला विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती यावी लागली. तुमच्या विंडोज ७ च्या संगणकावर अख्खी सूची एका ओळीत दिसेल. जे शेवट मूळ फायलीत आहेत तेच जसेच्या तसे जाऊ द्या.

प्रतिसाद ३

शब्द तुटण्याबद्दल: शब्द वेगळे करायला इजस्पेस (अक्षर मोकळी जागा आहे का ते सांगणारं फंक्शन) वापरता का? आणि त्याला साधा कॅर (सी मधला एका बाइटाचा प्रकार) देता का?

इस्कीतली सगळी मराठी अक्षरं १२७ च्या वर आहेत. र २०७, ऱ २०८, हलन्त २३२. साध्या कॅरमध्ये हे आकडे ऋण होतात. इजस्पेसला ऋण आकडा देणं सी मानकात अवैध आहे. लिनक्सच्या सी लायब्ररीने, ग्लिबसीने, आपल्या तक्त्यात उणे १२८ पर्यंत जागा ठेवली आहे, म्हणून लिनक्सवर निभावलं. विंडोजच्या लायब्ररीत ती हमी नाही, तक्त्याच्या बाहेरचं काहीही वाचलं जाऊ शकतं. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये तर तिथेच प्रोग्रॅम थांबवून इशारा मिळतो. अनसाइन्ड कॅरमध्ये (ज्यात ऋण आकडे नसतात) बदलून मगच द्या, सगळीकडे.

‘झेडयू’चं कारण सोपं आहे. जुन्या विंडोज लायब्ररीचा प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) आकड्याच्या जागेचा तो संकेत ओळखत नाही. मिनजीडब्ल्यूला स्वतःचा, मानकाप्रमाणे वागणारा प्रिंटएफ वापरायला सांगणारा एक मॅक्रो आहे, तो बिल्डच्या वेळी १ करा.

प्रतिसाद ४

देवनागरी नावांचा प्रश्न मला जवळचा आहे, यावर मी बरेच दिवस घालवले आहेत.

विंडोज फायलींची नावं यूटीएफ-१६ मध्ये ठेवतं. पण साध्या मेनला, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला, जे आर्ग्युमेंट मिळतात ते संगणकाच्या एएनएसआय कोडपेजमध्ये (युनिकोडआधीच्या जुन्या अक्षरतक्त्यात) बदलून दिले जातात. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते १२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपीय. देवनागरीला एएनएसआय कोडपेज कधी मिळालंच नाही, विंडोजवर ती पहिल्यापासून फक्त युनिकोड आहे. त्यामुळे संगणकाची भाषा मराठी केली तरी फरक पडत नाही. ‘दिवाळी-१९९४’ तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचण्याआधीच त्याची प्रश्नचिन्हं झालेली असतात, आणि प्रश्नचिन्ह विंडोजच्या फायलीच्या नावात चालतच नाही. ती फाइल उघडणं शक्यच नव्हतं.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (इएक्सईसोबतच्या माहितीत) यूटीएफ-८ कोडपेज मागता येतं आणि कोडला हातही लावावा लागत नाही. पण तुमच्याकडे विंडोज ७ आहे, तिथे ते चालणार नाही. तेव्हा लांबचा रस्ता: मेनऐवजी यूटीएफ-१६ आर्ग्युमेंट घेणारा डब्ल्यूमेन लिहा, मिनजीडब्ल्यूला बिल्ड करताना एम-युनिकोड हा पर्याय द्या. आलेले आर्ग्युमेंट लगेच यूटीएफ-८ करून घ्या आणि तुमचा मूळ मेन ते घेऊन बोलवा. गेटऑप्ट वगैरे सगळं आहे तसं राहील. फक्त जिथे विंडोजला नाव सांगायचं तिथे परत यूटीएफ-१६ करा: फाइल उघडणं, फोल्डर वाचणं, स्टॅट (फायलीची माहिती घेणं) आणि रीनेम. ही चार छोटी फंक्शनं एका वेगळ्या फायलीत ठेवा. बाकीच्या कोडमध्ये ‘विंडोज असेल तर’ अशा अटी पसरू देऊ नका. वर्षभराने स्वतःलाच वाचता येत नाही.

रीनेम तिथेच सुटेल. विंडोजच्या मूव्हफाइलएक्स या फंक्शनचा डब्ल्यू (यूटीएफ-१६ नावांचा) प्रकार घ्या आणि ‘असेल तर बदल’ हा ध्वज द्या. त्याआधी दोन्ही फायली बंद केल्यात ना ते पाहा. लिनक्सवर मूळ फाइल उघडी असतानाही चालतं. विंडोज अनुमती नाकारेल.

धागाकर्ता

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यावरच बसलो होतो.

इजस्पेस सहा ठिकाणी होता, सहाही ठिकाणी कॅर साधाच. दुरुस्त केल्यावर शब्द तुटणं थांबलं. मूळ फाइल मी खरंच उघडी ठेवत होतो, तेही सुधारलं. चार फंक्शनांची वेगळी फाइल केली, १४० ओळी झाल्या. आता ‘दिवाळी-१९९४’ उघडते, बदलते आणि त्याच नावाने परत बसते. कमांड प्रॉम्प्टवर मराठी संदेशांचे चौकोन दिसतात, पण ते आता एका नोंद फायलीत जातात आणि ताई ती नोटपॅडमध्ये वाचू शकतात.

कंट्रोल-झेडचं काय करायचं यावर बराच विचार केला. सरळ गाळून टाकणार होतो. मग लक्षात आलं की एक फ्लॉपी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली याचा तो एकमेव पुरावा आहे. फ्लॉपी तर आता वाचताही येत नाहीत. म्हणून मजकुरात तिथे एक रिकामी ओळ सोडतो आणि नोंद फायलीत ‘इथे भाग बदलला’ अशी ओळ क्रमांकासह लिहितो.

लिनक्सचं आणि विंडोजचं आउटपुट ४१२ फायलींवर बाइट-बाइट ताडून पाहिलं. ४०९ जुळल्या. उरलेल्या तीनमध्ये फरक फक्त ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत आहे, जिथे ऱ नंतर हलन्त येतो. चूक लिनक्सच्या बाजूलाच निघाली. तिथे इजस्पेसच्या आधीचा एक जुना तुकडा मी विंडोजसाठी लिहिताना सुधारला होता आणि मूळ कोडमध्ये तसाच राहिला होता. तो आता दोन्हीकडे सारखा केला.

प्रतिसाद ३

उत्तम. सूची एक्सेलमध्ये उघडणार असतील तर सीएसव्हीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चे तीन खुणेचे बाइट टाकायचा पर्याय ठेवा. नाहीतर एक्सेल ते १२५२ समजून उघडेल आणि ताईंना वाटेल तुमचं टूलच बिघडलं. पण तो पर्याय मागितला तरच, पाइपमध्ये ते बाइट नकोत.

धागाकर्ता

हे लक्षातच आलं नव्हतं, आज रात्री करतो.

एक विनंती राहिली. ग्रंथालयातला विंडोज ७ चा संगणक ३२-बिट आहे असं आज ताईंनी फोनवर सांगितलं. मी केलेलं बिल्ड ६४-बिट आहे, ते तिथे सुरूच होणार नाही. ३२-बिटसाठी वेगळं बिल्ड काढलं आहे, पण चालवून पाहायला माझ्याकडे तसा संगणक नाही. कोणाकडे जुना ३२-बिट विंडोज ७ चालू असेल तर कृपया कळवा. इएक्सई, सोर्स आणि चाचणीच्या पाच फायली पाठवतो. त्यातल्या दोन फायलींची नावं देवनागरीत आहेत आणि एकीत मधोमध कंट्रोल-झेड आहे.