संदूरचं खनिज, लोंढ्याचे रूळ: घाटात दुसरी लाईन हवी की नको?

लोंढेकर
बळ्ळारी जिल्ह्यातल्या संदूर, दोणीमलईकडचं लोहखनिज होस्पेट, हुबळी, लोंढा, कॅसलरॉक असं घाट उतरून गोव्यातल्या मुरगाव बंदराला जातं. त्याच रुळावरून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याचा कोळसा वर येतो. घाटात, कॅसलरॉक ते कुळे, एकच लाईन. दुसरी टाकायची परवानगी सुप्रीम कोर्टाने 9 मे 2022 ला रद्द केली. माझ्या मते चूक झाली. घाटात मालगाडी चढत असली की आपली पॅसेंजर बाजूच्या लूप लाईनला उभी! एका रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, साडेतीन हजार टन माल बसतो, म्हणजे दोनशेच्या वर ट्रक. बेलेकेरी बंदराला ट्रकांनी खनिज जायचं तेव्हा रस्त्यांचं काय झालं, अंकोल्याकडच्या पाहुण्यांना विचारा.

जांबोटीचा
काय राव, खनिजाच्या नावावर कोळसा खपवताय! कर्नाटक राज्याने 2010 ला खनिजाची निर्यात बंद केली, 2011 ला कोर्टाने बळ्ळारीच्या खाणीच थांबवल्या. पुढे खाणी सुरू झाल्या, पण निर्यातीची वाट मे 2022 ला मोकळी झाली. एवढी वर्षं घाटात भरलेल्या गाड्या कुठल्या होत्या? चढणाऱ्या, कोळशाच्या. 37 मीटरला एक मीटर चढ, मागून बँकर इंजिनं लावून ढकलायचं. दुसरी लाईन त्यांच्यासाठी, तुमच्या पॅसेंजरसाठी नव्हे. आणि ती जाणार गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून.

लोंढेकर
मग कोळसा अनमोड घाटातून ट्रकने आणायचा का? पावसाळ्यात तो रस्ता बघितलाय की नाही कधी? जंगल तिथंही आहेच की.

जांबोटीचा
कारखान्याला कोळसा कुठून आणायचा हे कारखाना बघेल. ते ओझं आपण का वाहायचं?

गर्लगुंजीची सून
दोघंही भांडा, पण पैशाचं कोण बोलणार? 2015 पासून खाणवाल्यांना सरकारला द्यायच्या रॉयल्टीवर जादा रक्कम जिल्हा खनिज निधीत भरावी लागते, जुन्या लीजला रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातल्यांना 10. तो निधी खाणीच्या जिल्ह्याचा. खनिज वाहतुकीचा त्रास होणारी गावं अप्रत्यक्ष बाधित धरायची, असं केंद्राच्या नियमातच लिहिलंय. पण खाणीपासून ठरावीक अंतराची हद्द आली की संपलं. धुरळा मात्र हद्द बघून थांबत नाही. लोंढा ज्यात येतं त्या आपल्या खानापूर तालुक्याला काय मिळतं? वर कित्तूरमार्गे धारवाडची नवी लाईन येणार म्हणून आमच्याकडची भाताची शेतं मोजायला माणसं हजर.

लोंढेकर
वहिनी, ती लाईन वेगळी. तिचा खाणीशी संबंध नाही, धागा भरकटतोय.

गर्लगुंजीची सून
भाऊजी, रेल्वे तीच ना? लाईन घाटात टाका नाहीतर टाकू नका. आधी लोंढा, तिनईघाटकडच्या गावांचा वाटा लिहून घ्या. मग मी तुमच्या बाजूने.

जांबोटीचा
वाटा मिळाला तरी मी नाहीच.